गोट्याची वही: एका चावऱ्या कुत्र्याचं वर्षभराचं प्रकरण

दिवाळीच्या आठवडाभर आधी इंदूरच्या लोकमान्य नगरमधून काकूंचा फोन आला. "डॉक्टर, मागच्या वर्षीची ती गोळी पुन्हा लिहून द्या. फटाक्यांत गोट्या अगदी गप पडून होता." मी लिहून दिली. अ‍ॅसेप्रोमॅझिन. लक्ष्मीपूजनाच्या रात्री साडेनऊच्या सुमारास गोट्यानं घरातल्या नऊ वर्षांच्या नातवाच्या मनगटाला चावा घेतला. दात खोल गेले. तो गुरगुरला नाही, ओठ वर केले नाहीत, उठलासुद्धा नाही. पडल्या जागेवरून मान वळवली आणि चावला.

हे प्रकरण लिहायचं तर सुरुवात माझ्या त्या चिठ्ठीपासूनच करायला हवी.

अ‍ॅसेप्रोमॅझिननं कुत्र्याची हालचाल मंदावते, पापण्या जड होतात, पाय लटपटतात. भीती मात्र जागच्या जागी राहते, आणि काही कुत्री आवाजाला उलट जास्तच दचकतात. म्हणजे त्या रात्री प्रत्येक सुतळी बॉम्ब गोट्याला पूर्वीसारखाच ऐकू येत होता, फक्त पलंगाखाली पळून जायला पाय साथ देत नव्हते. तो गप पडलेला पाहून मुलगा त्याला धीर द्यायला शेजारी जाऊन बसला, पाठीवर हात ठेवला आणि बाहेर बॉम्ब फुटला. मागच्या वर्षी जी शांतता काकूंना दिसली होती, तीही शांतता नव्हतीच. तो सुन्न होता. शांत आणि सुन्न यांतला फरक दवाखान्याच्या टेबलावर कळत नाही, आणि मी तर ती गोळी देताना कुत्रा समोर पाहिलाही नव्हता. फोनवर गोळी सांगितली होती.

मुलाची जखम घरच्यांनी लगेच साबणाच्या वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुतली, हे फार चांगलं केलं. जखमेत इम्युनोग्लोब्युलिन आणि 0, 3, 7, 14, 28 या दिवशी रेबीजची लस, असा सगळा क्रम पूर्ण झाला. गोट्याचं लसीकरण चालू होतं, दहा दिवस नजरेखाली ठेवला, काही झालं नाही. पण हा तिसरा चावा होता.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी काका एकटेच दवाखान्यात आले. बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "सूनबाई म्हणते, एक तर तो राहील नाही तर आम्ही. शेजारचे म्हणतात बायपासच्या पलीकडे सोडून या. मला ते जमणार नाही. तुमच्याकडे सुई असते ना?"

सोडून देणं हा 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा ठरतो हे मी त्यांना सांगितलं, पण कायद्याची त्यांना गरज नव्हती. त्यांना ते मनातूनच नको होतं. सुईबद्दल मी नाही म्हटलं नाही, हो पण म्हटलं नाही. लहान मूल घरात आहे, चावा सूचना न देता झाला आहे, अशा वेळी "कुत्रं बिचारं आहे" एवढं म्हणून चालत नाही. मी तीन महिने मागितले, आणि त्या तीन महिन्यांत मुलगा आणि कुत्रा एका खोलीत मोकळे असणार नाहीत अशी अट घातली. काकांनी त्याच संध्याकाळी हॉल आणि जिना यांच्यामध्ये जाळीचं दार बसवून घेतलं.

मग मी एका ताईंना फोन केला. त्या कुत्र्यांच्या वर्तनावर काम करतात. लग्न होऊन पुण्याहून इंदूरला आल्या. आधी दोन-तीनदा माझ्या रुग्णांच्या घरी त्यांची गाठ पडली होती आणि खरं सांगायचं तर मी त्यांना "ट्रेनिंगवाल्या" समजत होतो. आम्ही महूच्या पशुवैद्यकीय कॉलेजात शिकत होतो तेव्हा गाईच्या चार पोटांवर तासन् तास ऐकलं. कुत्रा का घाबरतो यावर काय ऐकलं ते मला आठवत नाही.

घरी काय दिसलं

गोट्या म्हणजे चार वर्षांचा, खच्चीकरण झालेला, 19 किलोचा देशी कुत्रा. पिल्लू असताना दुचाकीखाली आला होता. काकूंनी उचलून घरी आणला, महिनाभर खोक्यात ठेवला, तो उठून चालायला लागला म्हणून पुढे कुणी काही पाहिलं नाही. पहिला चावा सुनेला, पिंडरीला. दुसरा काकांना. दुसऱ्या चाव्यानंतर कुणाच्या सांगण्यावरून एक प्रशिक्षक आला होता. "कुत्रा तुमच्यावर सत्ता गाजवतोय" म्हणाला, गळ्यात आवळणारी साखळी घातली आणि काकांना सांगितलं की गुरगुरला की खाली दाबायचं. ही सत्तेची कल्पना पिंजऱ्यात एकत्र कोंडलेल्या अनोळखी लांडग्यांवरून निघालेली आहे. तिचा प्रसार ज्यांच्या पुस्तकानं झाला त्या डेव्हिड मीच यांनीच 1999 मध्ये लिहिलं, की रानातला लांडग्यांचा कळप म्हणजे आई-बाप आणि त्यांची पोरं असं एक कुटुंब असतं. काकांच्या घरी या कल्पनेनं एवढंच साधलं की गुरगुरल्यावर मार मिळतो हे गोट्या शिकला आणि त्यानं गुरगुरणं सोडलं. दिवाळीतला चावा मुका होता त्याचं अर्धं कारण माझी गोळी आणि अर्धं ही साखळी, असं माझं मत आहे.

ताई दोन सकाळी आणि एक संध्याकाळ त्या घरात बसल्या. त्यांनी घरच्यांना आठवून आठवून चाव्यांची आणि गुरगुरण्याची यादी करायला लावली: चावे तीन, हवेत तोंड मारणं किंवा गुरगुरणं अकरा वेळा. मग प्रत्येकासमोर वेळ, जागा, आणि माणूस कुठल्या बाजूनं आला हे लिहिलं. दोन गोष्टी वर आल्या. जवळजवळ सगळे प्रसंग सकाळी कचरागाडी येऊन गेल्यानंतरच्या दोनेक तासांत किंवा फटाक्या-वरातीच्या रात्री घडले होते. आणि बहुतेक वेळा हात किंवा पाय मागून, डावीकडून आला होता.

कचरागाडीबद्दल इंदूरबाहेरच्या वाचकांना सांगायला हवं. 2017 पासून वर्षामागून वर्ष हे शहर स्वच्छतेत देशात पहिलं आलं, त्यामागे रोज सकाळी दारोदार फिरणारी ही पिवळी गाडी आहे. तिच्यावर भोंगा असतो आणि तो गाणं वाजवत येतो. आम्हा इंदूरकरांना त्याचा अभिमान आहे. गोट्याला मात्र ती रोजची दिवाळी होती. गाडी गल्लीत शिरायच्या दहा मिनिटं आधीच तो थरथरायला लागे, धाप लागे, तोंडातून लाळ गळे. वर्षाचे तीनशे पासष्ट दिवस! आम्ही सगळे दिवाळीच्या दोन रात्रींची चिंता करत होतो.

ताईंनी मला तीन लहान व्हिडिओ पाठवले. एकात गोट्या फरशीवर बसतो: सरळ न बसता डावा पाय बाहेर टाकून, एका कुल्ल्यावर. दुसऱ्यात तो संध्याकाळी जिन्याच्या पहिल्या पायरीशी येतो, वर पाहतो आणि वळून परत जातो. खाली त्यांनी लिहिलं होतं, "डॉक्टर, हे माझं क्षेत्र नाही. पण हा कुत्रा मला दुखतंय असं सांगतो आहे."

मी त्या कुत्र्याला चार वर्षांत निदान दहा वेळा तपासलं होतं. पाय ओढून पाहिले होते, कधी कळवळला नव्हता. माझ्या टेबलावर तो भीतीनं दगड होत असे, आणि भीतीनं गोठलेला प्राणी दुखणं दाखवत नाही. घरच्या फरशीवर, कुणी बघत नसताना, तो ते रोज दाखवत होता.

बाथरूममधली बाटली

ताईंच्या फोटोंमध्ये एक फोटो बाथरूमच्या फळीचा होता. घरात कुत्र्याला काय काय लावतात, खाऊ घालतात ते सगळं त्या टिपून घेतात. त्यात गोचिडांसाठी अंघोळीच्या पाण्यात घालायच्या औषधाची बाटली होती: अमिट्राझ. चार दिवसांपूर्वीच वापरलं होतं. मी काकूंना दवाखान्यात विचारलं होतं, "दुसरं काही औषध चालू आहे का?" त्या "नाही" म्हणाल्या होत्या. अंघोळीच्या पाण्यातलं औषध हे त्यांच्या लेखी औषध नव्हतंच, आणि त्यात त्यांचं काही चुकलं असं मला वाटत नाही. प्रश्न मी नीट विचारायला हवा होता.

माझ्या मनात तोवर फ्लुओक्सेटिन द्यायचं ठरलं होतं. मेंदूत सेरोटोनिन जास्त वेळ टिकवून ठेवणारं हे औषध. अमेरिकेत 2007 मध्ये कुत्र्यांच्या विरहचिंतेसाठी त्याला मान्यता मिळाली, आणि इतर भीती-चिंतांसाठीही पशुवैद्य ते वापरतात. अमिट्राझ मात्र सेरोटोनिन मोडणारं एन्झाइम अडवतं. दोन्ही एकत्र आली तर सेरोटोनिन धोक्याच्या पातळीला जाऊ शकतं: थरथर, ताप, झटके, कधी मृत्यूही. म्हणून अमिट्राझ थांबवल्यावर किमान 14 दिवस जायला हवेत. हाच धोका ट्रॅमाडॉल या वेदनाशामकाचाही असतो, आणि दुखणाऱ्या कुत्र्याला ते सहज लिहिलं जातं. त्या एका फोटोनं माझ्या हातून होऊ शकणारी दुसरी चूक टळली. बाटली गेली, गोचिडांसाठी वेगळी गोळी दिली आणि आम्ही तीन आठवडे थांबायचं ठरवलं.

थांबावं लागलं याचा फार फायदा झाला, इतका की आता मी मुद्दाम थांबतो. त्या तीन आठवड्यांत आम्ही फक्त दुखण्यावर उपचार केला. भूल देऊन एक्स-रे काढला: कमरेचं हाड डाव्या बाजूला पूर्वी मोडून वाकडं जुळलेलं, डाव्या खुब्याच्या सांध्याला संधिवात. डावी मांडी उजवीपेक्षा दोन सेंटिमीटर बारीक. रक्त, यकृत, मूत्रपिंड, थायरॉइड ठीक. मेलॉक्सिकॅम हे वेदनाशामक सुरू केलं, पहिल्या दिवसानंतर किलोमागे 0.1 मिलिग्रॅम, जेवणानंतर. फरशीवर सतरंज्या अंथरल्या, जिना बंद.

आठव्या दिवशी गोट्या काकूंच्या पलंगावर चढून झोपला. असं तो दोन वर्षांत झोपला नव्हता. तीन आठवड्यांत गुरगुरणं एकदा झालं. पण कचरागाडीची थरथर जशीच्या तशी होती. यावरून आम्हाला जे कळलं ते दोन्ही उपचार एकाच दिवशी सुरू केले असते तर कळलं नसतं: चावणं मुख्यतः दुखण्यातून येत होतं आणि थरथर भीतीतून. आवाज झाला की अंग आवळतं, आवळलं की सांधा दुखतो, दुखलं की आवाज आणखी वाईट वाटतो. दोघं एकमेकांना पोसत होते. इंग्लंडमधल्या लिंकन विद्यापीठातले डॅनियल मिल्स आणि त्यांचे सहकारी यावर बरंच लिहित आले आहेत. वर्तनाच्या तक्रारीसाठी पुढे पाठवलेल्या प्राण्यांपैकी निदान एक तृतीयांश प्राण्यांमध्ये दुखणं सापडतं असा त्यांचा 2020 मधला अंदाज आहे. तो मी वाचला होता. माझ्या टेबलावरच्या कुत्र्याला लावून पाहिला नव्हता.

वही

डिसेंबरच्या मध्यात फ्लुओक्सेटिन सुरू केलं, आठवडाभर 10 मिलिग्रॅम, मग रोज 20. (हे आकडे गोट्याच्या वजनाचे आणि त्याच्या तपासण्यांचे आहेत. आपल्या कुत्र्याला यावरून काही देऊ नये. माणसांच्या सिरपांत गोडीसाठी झायलिटॉल असू शकतं, ते कुत्र्याला विष आहे.) काका चिठ्ठी घेऊन दवा बाजारात गेले. दुकानदारानं विचारलं, "घरात कुणाला डिप्रेशन आहे का?" काका खजील होऊन परत आले. सून म्हणाली, वेड्यांची गोळी कुत्र्याला कशाला? तिला मी समोर बसवून सांगितलं, की ही गोळी त्याला गुंगवणार नाही, गुंगला तर मला ताबडतोब कळवा, मात्रा चुकली असं मी समजेन. परिणाम दिसायला चार ते सहा आठवडे लागतील. आणि गोळी त्याला काही शिकवणार नाही. शिकता येईल इतकी भीती खाली आणेल, शिकवणार ताई.

ताईंनी एक साधी शंभर पानी वही फ्रिजवर ठेवली. रोज एक ओळ: गाडी किती वाजता आली, थरथर कधी सुरू झाली, किती मिनिटांत थांबली, काय खाल्लं, शी कशी होती. ही शेवटची नोंद माझ्यासाठी, कारण फ्लुओक्सेटिन आणि मेलॉक्सिकॅम एकत्र असताना पोटात रक्तस्राव होण्याची शक्यता वाढते आणि काळी शी ही त्याची पहिली खूण असते. दर रविवारी पानाचा फोटो आम्हा दोघांना येई. औषधातला कुठलाही बदल ताईंनी पान वाचल्याशिवाय मी करायचा नाही, आणि सरावातला कुठलाही बदल मला कळवल्याशिवाय त्यांनी करायचा नाही, असं ठरलं.

दुसऱ्या आठवड्यात गोट्यानं खाणं कमी केलं. वजन 18.2 वर आलं आणि काकूंनी कुणाला न विचारता दोन दिवस कॅप्सूल बंद ठेवली. वहीत मात्र त्यांनी तेही प्रामाणिकपणे लिहिलं, "आज दिली नाही, खात नाही म्हणून." ताईंनी मागची पानं पाहिली: सकाळी नाही, पण रात्री तो पूर्ण जेवत होता. कॅप्सूल रात्रीच्या जेवणानंतर द्यायला लागलो. महिनाभरात वजन जागेवर आलं.

सरावाचं सगळं सांगत नाही, ते दीर्घ आणि कंटाळवाणं काम आहे आणि त्याचं श्रेय काकूंचं. गाडीच्या गाण्याचं रेकॉर्डिंग, आधी शेजारच्या खोलीत उशीखाली मोबाइल ठेवून, ऐकू येईल न येईल इतक्या आवाजात. गाणं लागलं की पनीरचा तुकडा, गाणं थांबलं की पनीर थांबलं. रोज पाच मिनिटं. जाळीच्या मुसक्यात तोंड घालायलाही तो पनीरनंच शिकला आणि पुढे मुसकं दिसलं की शेपूट हलवायला लागला. काकू स्वतः जाऊन गाडीवाल्याशी बोलल्या. तो म्हणाला, "माताजी, बीमार है तो आपके मोड़ पे धीमा कर देंगे," आणि दोन महिने त्यानं ते पाळलं.

सातव्या आठवड्यात माझं आणि ताईंचं पटलं नाही. थरथर वीस मिनिटांवरून आठवर आली होती आणि तिथेच अडली होती. मला मात्रा 30 करायची होती; किलोमागे 2 मिलिग्रॅमपर्यंत जायला जागा होती. ताई म्हणाल्या, "पंधरा दिवस द्या. गाणं लागल्यावर तो आता बराच बरा असतो. थरथर गाण्याच्या आधी सुरू होते आहे. कशानं होते ते मला बघू द्या." त्या सकाळी सहालाच जाऊन बसल्या. थरथर सुरू झाली ती काकूंनी मोरीतून ओल्या-सुक्या कचऱ्याच्या बादल्या उचलल्या त्या क्षणी. बादलीच्या कडीचा खणखणाट! त्याच्यासाठी गाडी तिथूनच सुरू होत होती. बादल्या रात्रीच दाराबाहेर जायला लागल्या, आणि दिवसा कधीही, विनाकारण कडी वाजवून पनीर मिळायला लागलं. दहा दिवसांत थरथर दोन मिनिटांवर आली. मात्रा मी वाढवली नाही. मी एकटा असतो तर नक्की वाढवली असती, आणि काकूंनी तीही इमानेइतबारे दिली असती.

मेलॉक्सिकॅम तोवर थांबवून संधिवातासाठी गॅबापेंटिन सुरू केलं होतं, 200 मिलिग्रॅम दोन वेळा. थंडी संपल्यावर ते रात्रीपुरतं राहिलं. रंगपंचमीला राजवाड्याची गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, दूर असली तरी गल्लीत ढोल आले. गोट्या मोरीत जाऊन बसला, धापला, अर्ध्या तासानं स्वतःहून बाहेर आला. लपायला जाणं ही चांगली गोष्ट आहे हे मी सुनेला दोनदा समजावलं. पळता येणाऱ्या कुत्र्याला चावायची गरज कमी पडते.

तीन महिन्यांची मुदत संपली त्या दिवशी सुईचा विषय कुणीच काढला नाही. मी काढला. कुठल्या गोष्टी घडल्या तर तो पुन्हा उघडायचा ते काका, सून आणि मी एका कागदावर लिहिलं: सूचना न देता चावा, मुलाच्या अंगावर जाणं, दुखणं औषधाला न जुमानणं. तो कागद वहीच्या शेवटच्या पानाला टाचला आहे.

जुलैत गडगडाटाच्या दोन रात्री वाईट गेल्या. गणपतीत, झांक्यांच्या (चित्ररथांच्या) रात्री, त्याहून बऱ्या. या दिवाळीला गोळीचं काम आम्ही सप्टेंबरातच सुरू केलं: गॅबापेंटिनची मोठी मात्रा (एवढ्या मात्रेत ते भीतीही कमी करतं), 500 मिलिग्रॅम, एका साध्या रविवारी देऊन ताई चार तास त्याच्याजवळ बसल्या. तोल किती जातो, हाक मारली तर येतो का, पनीर घेतो का. नवीन औषध सणाच्या रात्री पहिल्यांदा द्यायचं नाही, हा आता माझ्याकडचा नियम आहे. अल्प्राझोलाम या चिंतेवरच्या गोळीचा विचार केला आणि सोडला. चावण्याचा इतिहास असलेल्या कुत्र्याचा उरलासुरला संयम त्यानं सुटू शकतो, शिवाय फ्लुओक्सेटिनमुळे ते शरीरात जास्त वेळ रेंगाळतं.

लक्ष्मीपूजनाला संध्याकाळी पाचला गोळी दिली. आतली खोली, खिडकीला गोधडी, पंखा मोठा, मुलगा जाळीच्या दाराच्या पलीकडे. सूनच गोट्याजवळ बसली होती, आणि वहीतली त्या रात्रीची नोंद तिच्या हातची आहे:

"9.40. समोर मोठी लड लागली. उठला, दाराकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. कान मागे. हाक मारली तर आला. पनीर दोन तुकडे घेतले. 9.55 ला आडवा झाला. श्वास मोजले, मिनिटाला 22. पाठीला हात लावला नाही. कानामागे खाजवलं, त्यानं डोकं मांडीवर ठेवलं. डोळे मिटले. हाक मारली तर कान हलतो."